सुगंधाबाईचे हात

जळगाव जिल्ह्यात सावद्याच्या अलीकडे, चहूबाजूंनी केळीच्या बागा असलेल्या एका गावात सुगंधाबाई राहते. तिचं घर विचारलं तर गावातली माणसं आधी हसतात आणि मग रस्ता दाखवतात. वाईट अर्थानं नाही हसत. तिच्या घरी गेलेल्या माणसाचं काय होतं ते त्यांना ठाऊक असतं, एवढंच. तुम्ही ओट्यावर टेकायच्या आत पाण्याचा तांब्या पुढं येतो. पाणी प्यायला तुम्ही मान वर केलीत की तुमच्या शर्टाची उसवलेली शिवण तिला दिसते, आणि चहा उकळेपर्यंत ती सुई-दोरा घेऊन तुमच्या खांद्याशी उभी असते. नको म्हणून बघा बरं. "बसा हो भाऊ, मले का वेळ लागते," म्हणते, आणि दातानं दोरा तोडून मोकळीसुद्धा होते.

दुसरा माणूस काम करतोय आणि आपण बघत बसलोय, हे तिला जन्मात जमलेलं नाही. तुम्ही बटाटा सोलायला घ्या, ती बघेल, बघेल, तिची बोटं चुळबुळायला लागतील, आणि तुमच्या हातातली सुरी कधी तिच्या हातात गेली ते तुम्हाला कळणार नाही. तिचे यजमान जीवराम नाना, चांगले केळीचे बागायतदार, पाण्याच्या पाळीपासून घड उतरवण्यापर्यंत शेतातलं सगळं कोळून प्यायलेले. पण घरात आले की या माणसाला स्वतःचा टॉवेल कुठं असतो हे माहीत नाही. माहीत करून घ्यायची वेळच आली नाही. हात ओले झाले की टॉवेल आपोआप हातात येतो, असाच त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव.

मुलासाठी, म्हणजे नीलेशसाठी, मुलगी पाहायला गेले होते तेव्हाची गोष्ट तर पार भुसावळपर्यंत गेलेली आहे. पोहे खाऊन झाले. मुलीची आई चहा पाहायला आत गेली, आणि बघते तर काय, मुलाची आई मोरीवर पदर खोचून बसलेली. पोह्यांच्या बशा घासून, विसळून, पालथ्या घालून झाल्या होत्या, आणि आता तिनं पोह्यांचं पातेलं पुढं ओढलं होतं. त्या माऊलीनं तोंडात बोटच घातलं. चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली नवरी मुलगी मात्र खळखळून हसली, आणि ते हसू सुगंधाबाईला जाम आवडलं. बाहेर नाना मुलीच्या वडिलांना शांतपणे म्हणाले, "भाऊ, मुलगी आम्हाले पसंत हाये. आता तुम्ही आमच्या मंडळीले पसंत करा, म्हंजे झालं."

ती मुलगी म्हणजे भूमिका. रक्त-लघवी तपासायच्या लॅबचा तिचा कोर्स लग्नाच्या गडबडीत अर्धा राहिला होता. वर्षभरात ऋतिका झाली आणि तो कोर्स कायमचाच बुडाला असं सगळ्यांनी गृहीत धरलं. सुगंधाबाईनं धरलं नाही. तिला स्वतःला सातवीतून काढून कापूस वेचायला लावलं होतं, आणि ते ती आजही विसरलेली नाही. तान्ह्या ऋतिकाला तिनं सुनेच्या मांडीवरून उचललं आणि म्हणाली, "पोरगी माह्याकडं. तू जाय जळगावले, आन् पास होऊनच ये." भूमिका रोज पहाटेची एसटी धरून जायची आणि दिवेलागणीला यायची. तोवर बाटल्या, दुपटी, पाळणा, दृष्ट काढणं, सगळं सुगंधाबाईच्या हातात. भूमिका चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि त्या निकालातले अर्धे मार्क सुगंधाबाईचे होते असं मी म्हणतो. कुणाला पटत नसेल त्यानं नाही म्हणावं.

घोडं पेंड खायला लागलं ते पुढं. भूमिकाचा कोर्स संपला, पोर तान्ही राहिली नाही, पण सुगंधाबाईचे हात काही थांबले नाहीत. ऋतिका पाच वर्षांची झाली तरी सकाळी देवाच्या मूर्तीसारखी मोरीत उभी राहायची. आजी तिला न्हाऊ घालणार, पुसणार, फ्रॉक चढवणार, बटणं लावणार, भांग पाडणार, चप्पल पायात सरकवणार. मग पाटावर बसवून घास. पोरीनं फक्त तोंड उघडायचं. तिचे दोन्ही हात मांडीवर पाहुण्यासारखे बसलेले असायचे.

नानांना हे खटकायला लागलं ते केळ्यावरून. केळी घ्यायला आलेले व्यापारी बन्सीलाल शेट ओट्यावर बसले होते. पोर आवडली म्हणून त्यांनी तिच्या हातात केळं दिलं. ऋतिकानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत शेटच्या हातात दिलं. सोलून द्या म्हणून! बरं, नुसतं सोलून भागलं नाही. त्याचे दोरे काढा आणि तुकडे करा, असंही तिनं बोटानं दाखवलं. शेट पोट धरून हसले. नाना हसले नाहीत. रात्रीपर्यंत ते एकच वाक्य बोलत होते, "जीवराम पाटलाची नात, आन् केळ सोलता येत नाई." सुगंधाबाई म्हणाली, "येईन मोठी झाल्यावर. कोनी जन्मभर का न सोलता खाते?" विषय तिच्यापुरता संपला.

तो खरा उघडला होळीच्या सुमारास. नीलेश जळगावला ठिबकच्या कारखान्यात होताच, शनिवार-रविवार घरी यायचा. आता भूमिकालाही जळगावच्या एका दवाखान्यातून लॅबमध्ये बोलावणं आलं. जूनपासून तिघांनी जळगावला राहायचं ठरलं. ऋतिका सकाळी शाळेत आणि दुपारी पाळणाघरात. पाळणाघराची बाई स्वभावानं चांगली होती, पण स्पष्ट होती. म्हणाली, "ताई, माझ्याकडे पुष्कळ मुलं असतात. तुमच्या मुलीला स्वतःच्या हातानं जेवता आलं पाहिजे, कपडे-चप्पल घालता आली पाहिजे, मोरीत जाऊन येता आलं पाहिजे. नाहीतर मी घेणार नाही, आणि घेतलं तर तिचेच हाल होतील."

भूमिका घरी आली आणि सासूसमोर बसली. "आई, तुम्ही नसत्या तर मी शिकलेच नसते. म्हणून तुमच्याकडेच मागते. हिच्या कोणत्याच कामाला आता हात लावू नका. हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात हो की नाही ते सांगायचं आहे. तोवर हिला जमायला लागलं तर मी हो म्हणते."

"आन् नाई जमलं तं?"

"तर नोकरी नको. पोरीला इथं ठेवून मी जाणार नाही, आणि तिथं तिला उपाशी ठेवून कामावर बसणार नाही."

 'इथं ठेवून' हे दोन शब्द सुगंधाबाईच्या मनात आधीच येऊन गेले होते, हे मी तुम्हाला सांगतो, ती सांगणार नाही. पण सुनेची नोकरी जावी असं तिला मुळीच वाटत नव्हतं. ज्या नोकरीसाठी तिनं बारा घरची बोलणी ऐकून बाळ सांभाळलं, ती आपल्याच हातांनी घालवायची? छे. तिनं देवापुढं हात जोडले आणि कबूल केलं, नाही लावणार हात.

कबूल करणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी भूमिकानं कपडे अडकवायचे खिळे खाली ठोकले, ऋतिकाचे कपडे खालच्या फळीवर आणले, मोरीत लहान बादली आणि लहान लोटा ठेवला. पोर फ्रॉकमध्ये डोकं घालायची आणि बाहीतून काढायला बघायची. सुगंधाबाई चौकटीत उभी. तिचा जीव असा वरखाली व्हायचा की शेवटी ती स्वतःचे हात पदरात गुंडाळून मागच्या अंगणात निघून जायची आणि न वाळलेले कपडे काढून आणायची. मग तिनं युक्ती काढली. कपाशी घरचीच होती. ऋतिकाचं काही सुरू झालं की ही कापूस घेऊन बसायची आणि वाती वळायची. हाताला काम, डोळ्याला वाट. त्या दिवसांत इतक्या वाती झाल्या की गल्लीतल्या सगळ्या देवघरांना पुरून उरल्या. मारुतीच्या देवळातल्या पुजाऱ्यानं नानांना रस्त्यात गाठून सांगितलं, "नाना, वाती बस झाल्या. आता तेल पाठवा."

पण पोरीची प्रगती काही होईना. ताट पुढं ठेवलं की ऋतिका बोटानं भात इकडचा तिकडं करायची, दोन शितं तोंडाला लावायची आणि आजीकडं बघून आ करायची. भूमिका तिथं असली तर सुगंधाबाई मान फिरवायची. भूमिका जळगावला खोली बघायला किंवा कागदपत्रं द्यायला गेली की? आता काय सांगू. चिऊचा घास, काऊचा घास, नानाचा घास, आणि ताट लख्ख. "पोर उपाशी मरन का," ती स्वतःलाच समजवायची. "उद्यापासून नाई भरवणार." तो उद्या रोज उद्यावरच जायचा. अंगणवाडीत खिचडी मिळायची, तिथंही तिनं मदतनीस भागाबाईला पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं, 'माह्या पोरीले तू भरवत जा.' भागाबाईनं मान हलवली होती. सुगंधाबाईशी वाद घालायची हौस गावात कुणालाच नाही.

दिवस सरत आले. भूमिका चिडली नाही, ओरडली नाही, हेच वाईट होतं. ती हळूहळू गप्प होत गेली. एका संध्याकाळी ती नीलेशशी फोनवर बोलत होती, "नाही जमत रे तिला. दोन वर्षांनी बघू. तेव्हा कुणी विचारलं तर." सुगंधाबाईनं ते स्वयंपाकघरातून ऐकलं. दोन वर्षांनी कोण विचारतंय, हे तिला सातवीतून काढल्यापासून ठाऊक होतं.

हनुमान जयंतीला गावात भंडारा असतो. भंडारा म्हणजे वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, दुसरं काही करायचा आमच्याकडं कुणी विचारही करत नाही. देवळाच्या मागं चुली पेटल्या. कणकेच्या उकडलेल्या बट्ट्यांचे तुकडे करून तळायचं काम बायकांकडं, आणि त्या बायकांत सगळ्यात पुढं सुगंधाबाई. शेजारणीच्या हातातला झारा तिनं केव्हाच काढून घेतला होता. भूमिका पलीकडं लसूण सोलत बसली होती, मान खाली घालून.

पहिली पंगत लहान पोरांची. केळीची पानं मांडली गेली, पोरं ओळीनं बसली. सुगंधाबाईला कढईपाशी ते आठवलं आणि तिचा झारा थांबला. ऋतिका! तिला कोण भरवणार? एवढ्या गर्दीत पोर तोंड उघडून बसेल आणि पंगत उठूनही जाईल. तिनं झारा शेजारणीला दिला, तुपाची वाटी उचलली आणि पदर सावरत निघाली. सुनेनं पाहिलं तर पाहू दे, सणाच्या दिवशी नात उपाशी राहायला नको, असं ठरवूनच निघाली.

आता केळीच्या पानावर वरण-बट्टी खाणं हे काही सोपं काम नाही, बरं का. ताटाला काठ असतो, पानाला नसतो. वाढप्यानं बादलीतून पातळ वरण ओतलं की ते वाट फुटेल तिकडं धावतं. म्हणून जाणता माणूस आधी बट्टी बारीक कुस्करतो, तिची गोल पाळ घालतो, मधे आळं करतो, आणि मगच वरणाला हो म्हणतो. बाहेरगावचे पाहुणे इथंच फसतात आणि वरण मांडीवर घेऊन उठतात. पोरांच्या पंगतीत तर वरणाचे ओहोळच वाहत होते.

सुगंधाबाई ओळीच्या मागून ऋतिकापर्यंत पोचली आणि जागीच थबकली.

ऋतिकानं बट्टी कुस्करली होती. नीट, बारीक, एकही गठळी न ठेवता. तिची पाळ बांधली होती, बोटाच्या पेरांनी दाबून पक्की केली होती. वाढपी आला तशी तिनं मान वर केली आणि हात आडवा धरून बरोबर मधे दाखवलं, "अठी टाका." वरण आळ्यात पडलं आणि आळ्यातच राहिलं. मग एका बाजूनं कालवत, उजव्या हाताच्या पाच बोटांनी घास करत पोर जेवायला लागली. शेजारी भटू नावाचा गुबगुबीत पोरगा रडवेला झाला होता, त्याचं वरण निम्मं मातीत गेलं होतं. ऋतिका घास तोंडात ठेवूनच त्याला म्हणाली, "पाळ घाल पहिले. नाई तं पळते ते." आणि डाव्या हातानं त्याच्या पानाची कड उचलून धरली.

सुगंधाबाईच्या हातातली तुपाची वाटी कलंडली आणि तूप तिच्याच पायावर सांडलं.

मागून भागाबाई पाण्याचा जग घेऊन येत होती. "काय झालं वहिनी?"

"भागा, हे कधीपासून?"

भागाबाई जरा अडखळली. "आता कसं सांगू. दिवाळीच्याही आधीपासून, वहिनी. पहिले दोन दिवस मी भरवलं, तिसऱ्या दिवशी तिनं माह्या हातातली वाटीच घेतली. चप्पल घालते, बटनं लावते. हात धुऊन येते, आन् दुसऱ्यांची नाकंसुद्धा पुसते. तुमच्यावरच गेली."

"मले नाई सांगितलं ते."

"तुम्हाले वाईट वाटलं असतं," भागाबाई म्हणाली आणि पुढच्या पोराला पाणी वाढायला वाकली.

सुगंधाबाईला अभिमान इतका वाटला की तिला तिथंच सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, आणि त्याच वेळी आत कुठंतरी असं दुखलं की कुणाशीच बोलू नये. ती मुकाट्यानं कढईपाशी परत गेली. त्या दिवशी तिनं पुन्हा कुणाच्या हातातून काही काढून घेतलं नाही, आणि शेजारणीला काळजी वाटली की हिला ऊन तर लागलं नाही.

संध्याकाळी घरी दूध-भाताचं ताट पुढं आलं. भूमिका आतल्या खोलीत होती. ऋतिका पाटावर बसली, हात मांडीवर ठेवले, आणि तोंड उघडलं.

सुगंधाबाई तिच्यासमोर खाली बसली. "आज पंगतीत कोन जेवलं मंग?"

ऋतिकाचं तोंड मिटलं. चोरी पकडली गेल्यासारखी ती पाटाकडं बघायला लागली.

"मी रागावली नाई, माय. तुले येते नं सगळं? मंग अठी काबरं नाई करत?"

 पोर फ्रॉकची कड पिळत म्हणाली, "मी जेवली तं तू काय करशीन?"

"म्हंजे?"

"तू त्या आजीले म्हने नं. हिचं करते म्हनून माहा दिवस जाते. नाई तं मी काय करू, म्हने."

शेजारची म्हातारी दुपारी निवडण-टिपण करायला यायची. तिच्याजवळ सुगंधाबाई असं कितीदा बोलून गेली असेल, तिलाच आठवेना. बायका असं बोलतातच. पण तिथंच धान्याच्या ढिगाशी खेळणाऱ्या पाच वर्षांच्या पोरीनं ते खरं धरलं होतं. आजीचा दिवस जावा म्हणून ती रोज घरी आल्यावर येणारं सगळं विसरून जायची. हात मांडीवर ठेवून बसायची. आजीसाठी.

सुगंधाबाईला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदमच आल्यानं तिला ठसका लागला. ऋतिका उठली, माठातून लोटीभर पाणी काढून घेऊन आली, एक थेंब न सांडता. ते पाहून तर ठसका वाढलाच.

पाणी पिऊन झाल्यावर सुगंधाबाईला उत्तर द्यायचं होतं. पोरीनं प्रश्न विचारला होता आणि ती वाट बघत होती. मी काय करीन? मोठ्या माणसाला काहीही थाप मारता येते. म्हणता येतं, भजनाला जाईन, शेतात जाईन. पण या पोरीनं दिवाळीपासून तिच्यासाठी केवढं सोंग वठवलं होतं, तिला थाप मारायची सुगंधाबाईची छाती झाली नाही. 

"मी पाहीन," शेवटी ती म्हणाली.

"काय?"

"तुले. तू कसं करते ते पाहीन."

"नुसतं बसून?"

"नुसतं बसून."

ऋतिकानं आजीकडं संशयानं बघितलं. नुसती बसलेली आजी तिनं कधी पाहिलेलीच नव्हती. मग तिनं ताट जवळ ओढलं आणि भात कालवला.

सुगंधाबाई तिथून उठून आतल्या खोलीत गेली. भूमिका कपड्यांच्या घड्या घालत होती. "उद्या दवाखान्यात हो म्हन," सुगंधाबाई म्हणाली.

"आई, कशाला उगाच. तिला..."

"तिले सगळं येते. न येणारी मीच हाये." आणि मग भूमिकाच्या पाठीमागं घासांचं जे काही चाललं होतं ते, अंगणवाडी, पंगतीतली पाळ आणि आत्ताचा प्रश्न, सगळं एका दमात सांगून टाकलं. भूमिकानं स्वयंपाकघराच्या दारातून वाकून बघितलं. पोर शेवटचा भात बोटानं गोळा करून चाटत होती. भूमिकानं सासूच्या गळ्यात हात टाकले आणि ती मोठ्यानं रडली, आणि लगेच तेवढ्याच मोठ्यानं हसली. तेच हसू, चहाच्या ट्रेच्या वेळचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाबाई बसली. कापूस नाही, सूप नाही, काही नाही. मोरीसमोर पाट टाकून नुसती बसली. ऋतिकानं लोटा भरला, अंगावर ओतला, साबण निसटला, शोधला, पुन्हा लावला. फ्रॉक घालून बाहेर आली आणि बटणांना भिडली. तिसरं बटण दुसऱ्या काजात चाललं होतं. सुगंधाबाईची बोटं वळवळली, तिनं ती मांडीखाली दाबली. आणि मग तिला दिसलं, की बटण लावताना ऋतिकाची जीभ बाहेर येते. डाव्या कोपऱ्यातून, जरासं टोक. अगदी जीवराम नानांची येते तशी, घड उतरवताना कोयता चालवण्याच्या आधी.

पाच वर्षं ही पोर तिच्या हाताखालून गेली होती. तिच्या कानामागचा तीळ, गुडघ्यावरचा व्रण, सगळं सुगंधाबाईला पाठ होतं. पण ही जीभ तिनं कधी बघितली नव्हती. बघणार कशी? बटण लावायचं कामच पोरीकडं कधी गेलं नव्हतं. आपण केवढं बघायचं चुकवलं, असं तिला वाटलं, आणि ती जास्त सावरून बसली. तेवढ्यात नाना हात धुऊन आले आणि ओले हात पुढं करून उभे राहिले.

"टॉवेल."

"खुंटीवर," सुगंधाबाई नातीवरून नजर न हलवता म्हणाली.

"कोनत्या?"

"शोधा. पाच वर्षांची पोरगी शोधते."

नाना घरभर फिरले आणि शेवटी धोतराला हात पुसून शेतावर गेले. आठवडाभरात मात्र त्यांना खुंटी सापडली, आणि बन्सीलाल शेटना त्यांनी ती आवर्जून दाखवलीसुद्धा.

वैशाख असा मजेत गेला. सगळं सरळ झालं असं समजू नका. एकदा ऋतिका उलटा फ्रॉक घालून दिवसभर गावात हिंडली, आणि सुगंधाबाईनं जीभ चावून चावून गप्प राहून दाखवलं. एकदा दुधाचं पातेलं आडवं झालं आणि मांजराचा सण झाला. केळ्याचं म्हणाल तर पोर आता इतकी केळी सोलायची की नानांनी हात जोडले. आणि सुगंधाबाई पाट टाकून बसायची. गल्लीतल्या बायका आधी हळहळल्या, बाईला आजार झाला म्हणून. मग त्यांच्यातल्या एकदोघी आपापल्या पोरांसमोर पाट टाकून बसायला लागल्या.

जून उजाडला. जळगावला जायच्या दिवशी सामानाचा छोटा टेम्पो दारात लागला. गाद्या, भांडी, गॅस चढला. नीलेश घड्याळ बघत होता, ड्रायव्हरला परत येऊन दुसरं भाडं गाठायचं होतं. सगळे निघाले, आणि ऋतिका उंबऱ्यावर बसली. नवी चप्पल होती, पट्ट्याची, बकल असलेली. आजपर्यंतची चप्पल पायात नुसती सरकवायची होती. हे प्रकरण वेगळं होतं.

पट्टा बकलमधून गेला, पण काडी भोकात जाईना. काढला. पुन्हा घातला.

"आई, घालून दे नं तिले पटकन," नीलेश म्हणाला.

"थांब जरा."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सुगंधाबाई ओटा उतरून टेम्पोपाशी गेली. "भाऊ, हॉर्न नका वाजवू. पोरगी चप्पल घालून राह्यली."

"अहो मावशी, घाला की तुम्ही. मला उशीर होतो."

"होऊ द्या," सुगंधाबाई म्हणाली, "तिले मधात कोनी हात लावायचा नाई," आणि उंबऱ्यासमोर येऊन उभी राहिली, पाठीमागं हात बांधून. कुणाला पुढं जायला वाटच ठेवली नाही. भूमिका टेम्पोच्या दाराशी थांबली. नाना थांबले. निरोप द्यायला आलेली सगळी गल्ली थांबली.  डाव्या कोपऱ्यातून जिभेचं टोक बाहेर आलं. काडी हुकली, पुन्हा हुकली. सुगंधाबाईच्या पाठीमागं तिचीच बोटं तिच्याच बोटांना घट्ट धरून होती.

काडी बसली. ऋतिकानं पाय आपटून बघितला. मग दुसरी चप्पल पुढं ओढली, आणि ड्रायव्हरनं निमूटपणे इंजिन बंद केलं.

दुसरीला कमी वेळ लागला. पोर उठली, तरातरा गेली, फळकुटावर गुडघा टेकून टेम्पोत चढली आणि मागून चढलेल्या आईशेजारी बसली. तिथून तिनं मान बाहेर काढली.

"आजी, पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"दोन्ही?"

"दोन्ही पाह्यलं, माय," सुगंधाबाई म्हणाली.